नळाला फिल्टर लावला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याच गावातले एक निवृत्त गुरुजी आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आलेली. येऊन सहा आठवडे झाले होते. आठ दिवसांपासून तिची अन्नावरची वासना उडाली होती, मळमळत होते, अंगात कणकण होती. घरच्यांनी ते दिवस भरत आल्याचे लक्षण समजून लिंबाचे सरबत दिले. त्या दिवशी सकाळी आईला तिचे डोळे पिवळे दिसले. मी तपासले, लघवीचा रंग विचारला आणि वेळ न घालवता जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्ताच्या तपासणीत हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ निघाली.

एरवी ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. गरोदर स्त्रीला मात्र ती घातक ठरते. शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीसपर्यंत स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे चिठ्ठी लिहिताना माझा हात जड झाला होता. गाडीत बसता बसता गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही तर नळाला फिल्टर लावला होता हो!"

त्या वाक्याने मी ओशाळलो. कारण वर्षभरापूर्वी त्यांनी मला विचारले होते. अमेरिकेत असलेल्या भाच्याने नळाच्या तोटीला बसवायचा फिल्टर आणून दिला होता. लावू का, असे त्यांनी विचारले. दवाखान्यात गर्दी होती. मी मान वर न करता "लावा की गुरुजी, चांगलंच आहे" असे म्हणून पुढच्या रुग्णाला बोलावले. फिल्टर कसला, तो काय अडवतो, तुमचे पाणी कुठले, हे काहीच विचारले नाही. जे तेव्हा सांगायला हवे होते, ते आज सर्वच वाचकांना सांगतो.

आपला जुना फिल्टर : फडके

नळाच्या तोटीला गाळणी लावण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पांढरे फडके चौपदरी करून तोटीला बांधण्याची पद्धत आपल्या आई-आजीपासून चालत आली आहे. तिला कोणी हसू नये. आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर पडायचा. पायविहिरीच्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यातून तो पोटात जाई. हा किडा कापडात अडकतो. पाणी गाळून पिणे आणि पायविहिरी बंद करणे या साध्या उपायांनी नारू हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

कापडाची दुसरी कामगिरी बांगलादेशातली. तेथील मतलब भागात ६५ गावांत डॉ. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. बायकांना घरातील जुनी सुती साडी चौपदरी करून तीतून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी घटले होते. पटकीचा जंतू कापडाच्या छिद्रापेक्षा कितीतरी लहान असतो. पण तळ्या-नदीच्या पाण्यात तो सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो, आणि ते जलचर साडीत अडकतात. नव्या साडीपेक्षा वापरून मऊ झालेली साडी बरी, कारण तिचे धागे विसविशीत होऊन छिद्रे बारीक होतात.

मात्र ही साडी रोज धुऊन वाळवली जात होती. आपल्याकडे नळाला बांधलेले फडके पंधरा पंधरा दिवस तसेच ओले लोंबत असते. ते पाणी गाळत नाही, उलट गाळलेली घाण परत पाण्यात सोडते. फडके रोज साबणाने धुवावे, कडक उन्हात वाळवावे आणि बांधताना दर वेळी एकच बाजू वर ठेवावी. हे तीन नियम विसरू नका, कारण पुढे महागड्या फिल्टरलाही तेच लागू होणार आहेत.

चाळणीचा हिशेब

फिल्टर म्हणजे शेवटी चाळण. गृहिणींना हे चटकन समजेल. गव्हाच्या चाळणीत खडे अडकतात, रवा गळतो. रव्याच्या चाळणीत रवा राहतो, मैदा गळतो. पाण्यातही तसेच आहे. फक्त येथे माप मायक्रॉनमध्ये असते. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

आव पाडणारा अमिबा व जिआर्डिया यांची पाण्यातली कवचे साधारण ८ ते २० मायक्रॉनची असतात. टायफॉइड, पटकी, हगवण यांचे जिवाणू अर्धा ते तीन मायक्रॉनचे. आणि काविळीचे विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचे, म्हणजे जिवाणूच्याही कितीतरी पट लहान.

या विषाणूंचा शोधच मुळी फिल्टरमुळे लागला. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८८४ साली चिनी मातीची बारीक छिद्रांची नळी बनवली. तिच्यातून पाणी गाळले की जिवाणू वरच राहत. आता सगळे जंतू अडवता आले असे वाटत होते. पण १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस त्या नळीतून गाळला, तरी गाळलेल्या रसाने चांगल्या झाडांना रोग झालाच. फिल्टरमधून पार होणारे असे काहीतरी होते. त्यालाच पुढे विषाणू म्हटले गेले. सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना मिळालेला हा धडा आपण फिल्टर विकत घेताना विसरतो.

चाळणीचे आणखी एक ध्यानी घ्यावे. साखर विरघळलेले पाणी कितीही बारीक कपड्यातून गाळा, ते गोडच राहते. त्याप्रमाणे पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट हे साध्या गाळण्याने निघत नाहीत.

नळाला लावायचे फिल्टर किती प्रकारचे?

दुकानात सगळे सारखेच चकचकीत दिसतात. आत काय आहे त्यावरून त्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार जाळीचा किंवा कापसाच्या गुंडीचा. तो सर्वांत स्वस्त. माती, गंज, शेवाळ, अळ्या अडवतो. जंतू अडवत नाही. तो फडक्याचाच भाऊ आहे.

दुसरा प्रकार कोळशाचा. विशेष प्रक्रिया केलेल्या या कोळशाला अॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. तो पाण्याचा वास, रंग, क्लोरिन आणि काही रसायने शोषून घेतो. पाणी चवीला छान लागते. परदेशातून येणारे तोटीचे फिल्टर बहुधा याच जातीचे असतात. काहींत शिसे शोषणारा आणि अमिबासारखी कवचे अडवणारा थरही असतो. जिवाणू आणि विषाणू मारणे हे त्यांचे कामच नव्हे.

तिसरा प्रकार चिनी मातीच्या कॅण्डलचा. आपल्या स्टीलच्या जुन्या फिल्टरमध्ये असते तीच कॅण्डल, लहान करून तोटीवर बसवलेली. चांगल्या दर्जाच्या कॅण्डलची छिद्रे एक मायक्रॉनहून लहान असतात. ती आवेची कवचे आणि बहुतेक जिवाणू अडवते. विषाणू पार होतात. काही कॅण्डलमध्ये चांदीचा अंश असतो. त्याने कॅण्डलमध्ये जंतूंची वाढ कमी होते, पण त्याने पाणी निर्जंतुक झाले असे मानू नये.

चौथा प्रकार पोकळ तंतूंच्या पडद्याचा. दुकानदार त्याला यूएफ म्हणतात. शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो व त्यांच्या भिंतीतून पाणी गाळले जाते. छिद्रे ०.१ ते ०.०१ मायक्रॉनपर्यंत असतात. वीज लागत नाही. जिवाणूंसाठी हा सर्वांत चांगला. विषाणू अडवतो की नाही हे छिद्रांच्या मापावर अवलंबून असते, आणि तसे पाकिटावर स्पष्ट छापलेले असावे. नुसते '९९.९९ टक्के शुद्ध' याला अर्थ नाही. ९९.९९ टक्के काय अडवले, गाळ, जिवाणू की विषाणू, हे दुकानदाराला विचारा.

पाकिटावरची बारीक अक्षरे

मुलगी रुग्णालयात असताना मी गुरुजींच्या घरी गेलो आणि फिल्टरचा खोका मागितला. तो माळ्यावर जपून ठेवलेला होता. चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली. त्यात एक वाक्य होते. जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित असलेल्या किंवा ज्याची खात्री नाही अशा पाण्यासाठी, आधी किंवा नंतर निर्जंतुकीकरण केल्याशिवाय, हा फिल्टर वापरू नये. असे वाक्य त्या जातीच्या बहुतेक फिल्टरांवर असते. कंपनीने काही लपवले नव्हते. आम्ही कोणी वाचले नव्हते.

हे फिल्टर वाईट नाहीत. ते वेगळ्या पाण्यासाठी बनवलेले आहेत. अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला आणि जुन्या वाहिन्यांमधले शिसे पाण्यात उतरू लागले. तेव्हा घरोघरी तोटीचे फिल्टर वाटण्यात आले. तेथे दुखणे शिशाचे होते, औषध त्याला साजेसे होते. आपले दुखणे वेगळे आहे.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. कुठे दिवसाआड, कुठे चार दिवसांनी तासभर येते. बाकी वेळ वाहिनी रिकामी असते. ती गटाराच्या कडेने जाते, तिचे सांधे जुने असतात. पाणी बंद झाले की फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पुढच्या वेळी पहिल्या लोंढ्याबरोबर आपल्या घरात येते. त्यात कोणी नळाला थेट टिल्लू पंप लावला तर ओढ आणखी वाढते. म्हणजे टाकीतून निघालेले शुद्ध पाणी घरी पोचेपर्यंत बिघडते. दिल्लीत १९५५-५६ साली, इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या मोठ्या साथी आल्या. पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गुलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि सर्वांचे लक्ष पाण्याकडे गेले. मोठ्या शहरांची ही कथा, तर आपल्या गावाने गाफील राहून कसे चालेल?

आता कोळशाच्या फिल्टरची खरी गोम सांगतो. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा किंचित वास येतो म्हणून आपण नाक मुरडतो. पण तो वास म्हणजे पाण्याचा पहारेकरी आहे. घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे असे आपल्या भारतीय मानकात सांगितले आहे. वाटेत थोडे जंतू शिरले तर हे क्लोरिन त्यांना मारते. कोळशाचा फिल्टर हा पहारेकरीच काढून घेतो. मग ते गोड पाणी आपण माठात भरतो, त्यात दिवसभर हात आणि पेले बुडतात, आणि संरक्षण काहीच उरत नाही. शिवाय फिल्टरच्या आत, क्लोरिन नसलेल्या ओल्या जागी, जंतूंना घर करायला आयती सोय होते. गुरुजींचे कार्ट्रिज मी उघडून पाहिले. चौदा महिने बदललेले नव्हते. आतून बोट फिरवले तर शेवाळी बुळबुळीत थर लागला.

या फिल्टरमुळेच मुलीला कावीळ झाली, असे मी म्हणणार नाही. ही कावीळ लागण झाल्यापासून दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. त्याच महिन्यात त्या गल्लीत काविळीचे आणखी चार रुग्ण माझ्याकडे आले होते आणि त्यांच्या घरी फिल्टर नव्हता. पण एक नक्की. फिल्टर आला म्हणून त्या घरात पाणी उकळणे बंद झाले होते. खरे नुकसान तेथे झाले.

घेण्यापूर्वी हे तपासा

पाणी कुठले आहे ते आधी पाहा. नगरपालिकेचे असेल तर मुख्य भीती जंतूंची. बोअरचे असेल तर जंतूंबरोबर क्षारांचीही. आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. शेतीच्या खतांमुळे आणि शौचखड्ड्यांमुळे बोअरमध्ये नायट्रेट वाढते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. वरचे दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतील बाळाला असे पाणी दिल्यास त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, बाळ निळे पडते. हे पाणी उकळूनही सुधारत नाही, उलट आटल्याने नायट्रेट दाट होते. अशा पाण्याला तोटीचा फिल्टर उपयोगाचा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्य खात्याची आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात, पाणी तपासून घ्यावे. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच घ्यावी, घरची चालत नाही.

नंतर तोटी पाहा. नव्या तोट्यांना तोंडाशी आटे असतात, त्यावर फिल्टर फिरवून बसतो. जुन्या पितळी तोटीला आटे नसतात. तिच्यावर रबरी बुचाचा फिल्टर घट्ट क्लिपने बसवावा लागतो. हे रबर सैल झाले की पाणी फिल्टरमध्ये न जाता बाजूने गळते आणि न गाळलेले पाणी त्याच हंड्यात पडते. खाली हंडा ठेवण्यापूर्वी मानेशी बोट लावून गळती पाहावी.

तिसरी गोष्ट पाण्याचा दाब. गच्चीवरची टाकी नळापासून दहा फूट उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ किलो मिळतो. कॅण्डलचा किंवा तंतूंचा फिल्टर एवढ्या दाबावर करंगळीएवढी धारही देत नाही. मग घरातली माणसे कंटाळून तो काढून ठेवतात. दुकानदाराला कमीत कमी किती दाब लागतो ते विचारूनच घ्यावा. तसेच टाकीचे पाणी फिल्टरला जात असेल तर टाकी झाकलेली आणि तीन महिन्यांतून एकदा घासलेली हवी. टाकीत पाल पडली असेल तर फिल्टर काय करणार?

चौथे, कार्ट्रिज आपल्या गावात मिळते का? फिल्टर एकदा घ्यायचा, पण कार्ट्रिज वर्षभर घेत राहायचे. ते पुण्या-मुंबईहूनच आणावे लागत असेल तर ते वेळेवर बदलले जाणार नाही, हे पक्के समजा.

पाचवे, फिल्टरला बाजूची कळ असावी. ती फिरवली की पाणी गाळल्याशिवाय थेट येते. ती नसेल तर भांडी घासायचे पाणीही फिल्टरमधूनच जाते आणि कार्ट्रिज लवकर संपते.

हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज २५ लिटर पाणी लागते असे धरू. कार्ट्रिज १००० लिटरचे असेल तर ते ४० दिवसांत संपले. खोक्यावर 'तीन महिने' लिहिलेले असले तरी लिटर आधी संपतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याने तर त्याहून लवकर.

वापरताना

नवे कार्ट्रिज बसवल्यावर पहिली पाच मिनिटे पाणी सोडून द्यावे. कोळशाची काळी पूड येते, ती अपायकारक नाही, पण पिऊ नये.

नळाला पाणी आले की पहिली काही मिनिटे फिल्टरची कळ बंद ठेवून गढूळ लोंढा जाऊ द्यावा. ते पाणी झाडांना किंवा अंगण धुवायला वापरावे.

रोज सकाळी पहिला तांब्याभर पाणी सोडून मग भरावे. चार दिवस गावाला जाऊन आलात तर दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे.

गरम पाणी फिल्टरमधून सोडू नये. कोळशाने धरलेली घाण सुटते, तंतू खराब होतात.

कॅण्डल आठवड्यातून एकदा वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी, साबण लावू नये. घासताना हात स्वच्छ हवेत. बारीकशी चीर दिसली तरी कॅण्डल टाकून द्यावी. चिरेतून सगळे जंतू रांगेने पार होतात.

फिल्टरच्या तोंडाला हात, फडके किंवा भांड्याचा काठ लावू नये.

बदलण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. धार बारीक झाली म्हणजे कार्ट्रिज भरले. पण कोळसा निकामी झाला तरी धार जोरातच राहते, म्हणून धारेवर विसंबू नये.

गाळलेले पाणी झाकणाच्या, तोटी असलेल्या भांड्यात ठेवावे. माठ असेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे आणि माठ रोज रिकामा करून धुवावा.

मग उकळायचे की नाही?

तुमच्या फिल्टरवर विषाणू अडवतो असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर गाळल्यावर निर्जंतुकीकरण हवेच. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्यावे, एवढे पुरते. वीस मिनिटे उकळण्याची जुनी सूचना तुम्ही ऐकली असेल, कदाचित माझ्याचकडून. त्याची गरज नाही, आणि गॅस जातो म्हणून लोक उकळणेच सोडून देतात. आधी गाळावे, मग उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून निववावे.

सगळे पाणी उकळणे परवडत नसेल तर निदान गरोदर बाई, वर्षाच्या आतले मूल, म्हातारी माणसे आणि आजारातून उठलेली माणसे यांच्यापुरते तरी उकळावे. गावात गॅस्ट्रोची किंवा काविळीची साथ असेल तर सर्वांसाठीच. उकळणे शक्य नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरिनचे थेंब बाटलीवरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. ते फिल्टरमधून गाळल्यावर टाकावेत. आधी टाकले तर कोळसा क्लोरिन खाऊन टाकतो.

पुष्कळजण विचारतात, त्यापेक्षा आरओ मशीनच का घेऊ नये? बोअरचे पाणी खारट असेल, फ्लोराइड असेल तर जरूर घ्यावे. पण गोड्या पाण्याला त्याची गरज नाही. पाणी वाया जाते आणि उपयोगी क्षारही निघून जातात. लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सरकारला सांगितले होते.

थोडक्यात

फडके आणि जाळी गाळ अडवतात. कोळसा वास घालवतो, क्लोरिनही घालवतो. कॅण्डल आव आणि बहुतेक जिवाणू रोखते. काविळीचा विषाणू या तिन्हींतून पार होतो. त्याला उकळी किंवा क्लोरिनच हवे. आणि वेळेवर न बदललेला फिल्टर नसलेल्या फिल्टरपेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर आपण बाकीची काळजी सोडतो.

गुरुजींची मुलगी सतरा दिवस रुग्णालयात होती. बाळ तीन आठवडे आधी झाले, वजनाला कमी होते, पण आता दोघेही सुखरूप आहेत. परवा बाळाला डोस देण्यासाठी ती आजी-आजोबांबरोबर आली होती. गुरुजींनी फिल्टर काढलेला नाही. नवे कार्ट्रिज बसवले आहे आणि खाली गॅसवर पातेलेही चढते. निघताना त्यांनी खिशातून दुसऱ्याच एका फिल्टरचे पाकीट काढून माझ्यासमोर ठेवले. शेजाऱ्यांना घ्यायचा होता. "डॉक्टरसाहेब, या वेळी आधी वाचा, मग सांगा," असे ते म्हणाले. बाहेर रुग्ण थांबले होते. मी चष्मा लावला आणि पाकीट पूर्ण वाचले.